एलडीए पहिल्यांदा तयार करताना: मुंबईच्या हवेत लिथियम अमाइड आम्लारी कशी हाताळावी

एम.एस्सी. पूर्ण करून माटुंगा, पवई किंवा कालिन्याच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी आलेल्या, अथवा तळोजा-अंबरनाथ पट्ट्यातील एखाद्या कंपनीच्या संशोधन विभागात रुजू झालेल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच लिथियम डायआयसोप्रोपिल अमाइड, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘एलडीए’ ही प्रबळ आम्लारी, वापरावे लागते. पाठ्यपुस्तकात ते बाणावर लिहिलेली तीन अक्षरे असतात. प्रत्यक्षात मात्र कोरडी काच, मोजलेले ब्युटिल लिथियम (डायआयसोप्रोपिल अमाइनचा प्रोटॉन काढून त्याचे एलडीए बनवणारे अभिकर्मक), ड्राय आइस आणि क्रमाचे काटेकोर पालन यांच्याशिवाय ती तीन अक्षरे फ्लास्कमध्ये उतरत नाहीत. या अभिक्रिया फसतात तेव्हा त्याचे कारण बहुधा आम्लारीच्या स्वभावात नसते. फ्लास्कमध्ये आम्लारी नेमकी किती आहे हे करणाऱ्याला ठाऊक नसते, हे खरे कारण असते. पुढील सर्व पायऱ्या हा एकच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत.

या संयुगांविषयी आधी थोडे

अमोनियातील किंवा अमाइनमधील नायट्रोजनवरचा हायड्रोजन जाऊन त्या जागी लिथियम आला की लिथियम अमाइड मिळते. कार्बोनिल गट, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध, असलेल्या अमाइडांचा येथे संबंध नाही. या कुळातील सर्वांत साधे संयुग द्रव अमोनियात लिथियम धातूपासून तयार होते. ते पांढरे घनरूप असून ईथरवर्गीय द्रावकांत जवळजवळ विरघळत नाही, म्हणून रोजच्या कार्बनी संश्लेषणात त्याचा उपयोग मर्यादित आहे. नायट्रोजनवर दोन अवजड गट बसवले की चित्र बदलते. संयुग टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये, म्हणजे टीएचएफमध्ये, सहज विरघळते आणि त्याची आम्लारीयता शाबूत राहूनही कार्बोनिल कार्बनवर थेट हल्ला करण्याची क्षमता खूपच घटते. हॅमेल आणि लेव्हिन यांनी १९५० साली अशी अवजड लिथियम अमाइडे तयार केली, त्यामागचा हेतूच हा होता की एस्टरच्या कार्बोनिलला धक्का न लावता शेजारच्या कार्बनवरील प्रोटॉन काढता यावा. ब्युटिल लिथियम त्याहून कितीतरी प्रबळ आम्लारी आहे, परंतु कीटोन समोर आला की ते प्रोटॉन काढण्याऐवजी कार्बोनिललाच जोडले जाते. एलडीएमधील दोन आयसोप्रोपिल गट त्या वाटेत आडवे येतात, तर लहानशा प्रोटॉनपर्यंत नायट्रोजन विनासायास पोहोचतो.

आम्लारीच्या बळाचा अंदाज तिच्या संयुग्मी आम्लाच्या, म्हणजे प्रोटॉन घेतल्यावर ती जे बनते त्याच्या, पीकेएवरून येतो; तो जितका मोठा तितकी आम्लारी प्रबळ. टीएचएफमध्ये मोजलेला डायआयसोप्रोपिल अमाइनचा पीकेए सुमारे ३६ आहे, टेट्रामिथिल पायपेरिडिनचा सुमारे ३७ आणि हेक्सामिथिल डायसिलाझेनचा सुमारे २६. द्रावक बदलला की हे आकडे बदलतात, त्यामुळे वेगवेगळ्या तक्त्यांतील मूल्ये शेजारी ठेवून वजाबाकी करू नये. साध्या कीटोनचा पीकेए डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये २६च्या आसपास आणि एस्टरचा ३०च्या आसपास असतो. एलडीए या दोघांचाही प्रोटॉन पूर्णपणे आणि परत न फिरणाऱ्या रीतीने काढते, एवढा निष्कर्ष मात्र निर्धास्तपणे काढता येतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात ठसावी. द्रावणात एलडीए सुट्या रेणूंच्या रूपात नसते. टीएचएफमध्ये दोन लिथियम आणि दोन नायट्रोजन यांचे चौकोनी कडे बनते व प्रत्येक लिथियमला टीएचएफचा एक रेणू धरून असतो. कॉर्नेल विद्यापीठातील डेव्हिड कोलम यांच्या गटाने या समूहांचा अनेक वर्षे बारकाईने अभ्यास केला आहे. लिथियम क्लोराइडचा लेशमात्र अंशही कमी तापमानाच्या काही अभिक्रियांचा वेग पालटू शकतो, हे त्या अभ्यासातून स्पष्ट झाले. एका बाटलीतील एलडीएने दिलेला वेग दुसऱ्या बाटलीत किंवा घरच्या द्रावणात तसाच मिळेल असे म्हणूनच गृहीत धरू नये.

कोणती आम्लारी निवडावी

साधा कीटोन, एस्टर किंवा नायट्राइल यांचा एनोलेटसदृश ऋणायन, म्हणजे कार्बोनिल किंवा नायट्राइल गटाशेजारचा प्रोटॉन काढल्यावर उरणारा आयन, बनवायचा असेल तर एलडीए घ्यावे. प्रोटॉन तुलनेने अधिक आम्लधर्मी असेल, किंवा रेणूत नाजूक गट असतील, तर लिथियम हेक्सामिथिल डायसिलाझाइड पुरते. नायट्रोजनशेजारचे दोन सिलिकॉन ऋणभार सावरून धरतात, म्हणून ते सौम्य असते, टिकतेही जास्त, आणि बाजारात १ मोलर द्रावणाच्या रूपात मिळते. लिथियम टेट्रामिथिल पायपेरिडाइड सर्वांत अवजड आणि महाग असून, ॲरोमॅटिक कड्यावरील प्रोटॉन काढण्यासारख्या कठीण कामासाठी ते राखून ठेवावे.

एलडीए तयार बाटलीतही मिळते. तरीही नवशिक्याने ते स्वतः बनवूनच वापरावे असे माझे ठाम मत आहे, कारण बनवताना घटकांची मात्रा आपल्या हाती राहते आणि फसगत झाल्यास शोध कोठून सुरू करावा हे कळते.

मुंबईची हवा: एक छोटे गणित

जुलै महिन्यातील ३० अंश सेल्सियस तापमानाची आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा घ्या. अशा एक लिटर हवेत सुमारे २६ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ १.४ मिलिमोल, पाण्याची वाफ असते. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ती सुमारे ०.३५ मिलिमोल भरते. पाण्याचा एक रेणू एलडीएचा एक रेणू निकामी करतो. तेव्हा १ मिलिमोलच्या प्रमाणावर काम करणाऱ्याने हवा न बदलता फ्लास्क वापरला, तर काचेवरील ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन हिशेबात न घेताही त्याची एकतृतीयांश आम्लारी कीटोन पाहण्याआधीच संपलेली असते. याउलट १० मिलिमोलच्या प्रमाणावर हेच नुकसान साडेतीन टक्के ठरते. म्हणून पहिला प्रयोग अगदी लहान प्रमाणावर करण्याचा मोह टाळावा. ५ ते १० मिलिमोल हे शिकण्यासाठी योग्य प्रमाण आहे.

द्रावकाचेही असेच. २५ मिलिलिटर टीएचएफमध्ये वजनाने दहा लाखांत १०० भाग पाणी असेल तर ते ०.१२ मिलिमोल भरते. टीएचएफ सोडियम आणि बेंझोफिनोनवरून ऊर्ध्वपातित करून घ्यावे व भांड्यातील गडद निळा-जांभळा रंग टिकून असल्याची खात्री झाल्यावरच ते काढावे. किंवा नीट तापवून सक्रिय केलेल्या ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर दोन-तीन दिवस ठेवून पाण्याचा अंश मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्रावर तपासावे. ऊर्ध्वपातनापूर्वी पेरॉक्साइडची चाचणी केल्याशिवाय टीएचएफ कधीही तापवू नये. डायआयसोप्रोपिल अमाइन कॅल्शियम हायड्राइडवरून ८४ अंशांच्या आसपास ऊर्ध्वपातित करावे. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली सीलबंद बाटलीही यातून सुटत नाही, कारण सील शुद्धतेची हमी देईल, निर्जलतेची देतेच असे नाही.

काच, चुंबकी ढवळणी आणि सुया १२० ते १४० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवाव्यात. फ्लास्क गरम असतानाच त्याला सेप्टम (सुई टोचता येणारे रबरी बूच) लावून तो निर्वात करावा आणि नायट्रोजन भरावा. ही क्रिया तीन वेळा करावी. लिथियम धातू नायट्रोजनशी संयोग पावतो हे खरे असले, तरी ब्युटिल लिथियम आणि एलडीए यांना कोरडा नायट्रोजन चालतो, त्यामुळे आर्गॉनचा खर्च येथे अनिवार्य नाही. रबरी फुग्यावर मात्र विसंबू नये, कारण फुग्याच्या पातळ पडद्यातून ओलावा आणि ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतात. शक्य असेल तेथे श्लेंक लाइन, म्हणजे निर्वात आणि नायट्रोजन आलटून पालटून जोडता येणारी नळ्यांची मांडणी, वापरावी.

ब्युटिल लिथियमची बाटली फ्रिजमधून काढल्याबरोबर उघडू नये. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे ४ अंशांची बाटली बाहेर येताच तिच्या तोंडावर आणि सेप्टमवर पाण्याचे थेंब जमतात, आणि सुई त्याच पाण्यातून आत जाते. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, सेप्टम कोरड्या टिश्यूने पुसावा, मगच सुई टोचावी.

सुरक्षितता

ब्युटिल लिथियम हवेत पेट घेऊ शकते. २००८च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्याच्याच भावंडाचे, टर्शरी-ब्युटिल लिथियमचे, द्रावण सिरिंजमध्ये ओढताना दट्ट्या निसटला, द्रावण पेटले, आणि लॅबकोट न घालता कृत्रिम धाग्याचा स्वेटर घातलेल्या २३ वर्षांच्या संशोधन-सहाय्यिकेचा भाजल्यामुळे पुढे मृत्यू झाला. त्या अपघाताने शिकवलेली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे आजही तितकीच लागू आहे. लॅबकोट सुती किंवा अग्निरोधक असावा, नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे त्या दिवशी घालू नयेत, ओढणी बाहेर काढून ठेवावी, केस बांधावेत आणि चष्मा असला तरी त्यावर सुरक्षा-चष्मा लावावा. सिरिंज लागणाऱ्या आकारमानाच्या दुप्पट क्षमतेची घ्यावी, म्हणजे दट्ट्या कधीच टोकाला येत नाही. २० मिलिलिटरहून अधिक द्रावण हलवायचे असेल तर सिरिंज सोडून दुतोंडी सुईने नायट्रोजनच्या दाबावर हलवावे. हे काम एकट्याने, तसेच सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री उशिरा करू नये.

आग लागल्यास पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरू नये. कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी असावा. आपल्याकडे वाळूच्या बादल्या दारात उघड्या ठेवण्याची सवय आहे. पावसाळ्यात ती वाळू ओलसर होते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी निरुपयोगी, किंबहुना घातक, ठरते. वाळू ओव्हनमध्ये तापवून झाकणाच्या डब्यात ठेवावी.

ब्युटिल लिथियमचे अनुमापन

द्रावणातील ब्युटिल लिथियमची खरी संहती मोजण्याची हीच पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मी सर्वांत जास्त भर देतो तो हिच्यावरच. बाटलीवर १.६ मोलर छापलेले असते, परंतु ती बाटली किती वेळा टोचली गेली आणि दर वेळी तिने किती हवा घेतली हे छापलेले नसते.

कोरड्या लहान फ्लास्कमध्ये १५६ मिलिग्रॅम मेन्थॉल, म्हणजे १ मिलिमोल, आणि १,१०-फेनँथ्रोलिनचे दोन-तीन कण घ्यावेत. नायट्रोजनखाली ५ मिलिलिटर निर्जल टीएचएफ घालून फ्लास्क बर्फात ठेवावा. एक मिलिलिटरच्या, बारीक खुणा असलेल्या सिरिंजने ब्युटिल लिथियम थेंब थेंब सोडावे. थेंब पडतो तेथे तांबूस-तपकिरी वलय उमटते आणि ढवळण्याबरोबर विरते. अंत्यबिंदू जवळ आला की हे वलय विरायला वेळ लागू लागतो. मग दोन थेंबांमधील अंतर वाढवावे. रंग संपूर्ण द्रावणात पसरून मिनिटभर टिकला की थांबावे आणि आकारमान वाचावे. समजा ०.७६ मिलिलिटर लागले, तर संहती १ भागिले ०.७६, म्हणजे १.३२ मोलर झाली. ही कृती पुन्हा करावी आणि दोन्ही उत्तरे दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळली तरच ती मान्य करावीत.

डायफिनिल ॲसेटिक आम्ल वापरून पिवळ्या रंगावर थांबण्याची पद्धतही प्रचलित आहे व सोपी आहे. मात्र बाटलीत हवेमुळे तयार झालेले विद्राव्य अल्कॉक्साइड त्या आम्लाला उदासीन करते आणि ब्युटिल लिथियम म्हणून मोजले जाते. गढूळ, जुन्या बाटलीसाठी म्हणून मेन्थॉलचीच पद्धत घ्यावी.

एलडीए तयार करणे

उदाहरणासाठी १० मिलिमोल २-मिथिल सायक्लोहेक्सॅनोन, म्हणजे १.१२ ग्रॅम, घेऊ. अमाइन ११ मिलिमोल आणि ब्युटिल लिथियम १०.५ मिलिमोल ठेवावे. अमाइन किंचित जास्त असल्याने मुक्त ब्युटिल लिथियम उरत नाही, आणि आम्लारी कीटोनपेक्षा किंचित जास्त असल्याने कीटोन उरत नाही. ११ मिलिमोल अमाइन म्हणजे १.५४ मिलिलिटर, १.३२ मोलर ब्युटिल लिथियमचे १०.५ मिलिमोल म्हणजे ७.९५ मिलिलिटर.

ड्राय आइस प्रत्यक्ष हातात आल्याखेरीज काच ओव्हनबाहेर काढू नये. पावसाने गाड्या रखडल्या की पुरवठाही रखडतो, आणि थर्माकोलच्या खोक्यातला बर्फ संध्याकाळपर्यंत निम्मा उरतो. ॲसिटोनमध्ये ड्राय आइसचे तुकडे थोडे थोडे टाकावेत, नाहीतर ॲसिटोन उसळून बाहेर येते. हे कुंड उणे ७८ अंशांवर स्थिरावते.

फ्लास्क कुंडात उतरवण्यापूर्वी नायट्रोजनचा प्रवाह वाढवावा. २५ अंशांवरचा वायू उणे ७८ अंशांवर नेला की त्याचे आकारमान जवळजवळ दोनतृतीयांश होते. प्रवाह कमी असेल तर बबलरमधील, म्हणजे वायू बाहेर पडण्याच्या वाटेवरील भांड्यातील, तेल नळीत वर चढताना दिसते, आणि लक्ष नसेल तर तेलापाठोपाठ बाहेरची दमट हवा आत येते. तेल चढू लागले तर फ्लास्क लगेच वर उचलावा आणि प्रवाह वाढवून पुन्हा सावकाश उतरवावा. ॲसिटोनच्या पातळीवर काचेभोवती पांढरे हिम जमते. आतले दिसेनासे झाले तर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापडाने ते पुसावे. नुसत्या हाताने पुसू नये.

अमाइन २० मिलिलिटर टीएचएफमध्ये घेऊन उणे ७८ अंशांपर्यंत थंड करावे आणि ब्युटिल लिथियम दहा-पंधरा मिनिटांत थेंब थेंब घालावे. त्यानंतर फ्लास्क बर्फाच्या कुंडात हलवून ० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे ढवळावा, म्हणजे प्रोटॉनची देवाणघेवाण पूर्ण होते व ब्यूटेन मुक्त होतो. त्याला बाहेर पडायला बबलरची वाट मोकळी असावी. द्रावण रंगहीन किंवा फिकट पिवळे असावे. पांढरा गढूळपणा आला तर तो बहुधा लिथियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे पाणी शिरल्याचा, संकेत असतो. द्रावण खोलीच्या तापमानावर ठेवून जेवायला जाऊ नये, कारण टीएचएफमध्ये एलडीए हळूहळू विघटित होते. ताजे बनवावे, पुन्हा उणे ७८ अंशांवर न्यावे आणि लगेच वापरावे.

कीटोन घालण्याचा क्रम

कीटोन आम्लारीत घालावा. आम्लारी कीटोनमध्ये घालू नये. २-मिथिल सायक्लोहेक्सॅनोनला प्रोटॉन देण्याजोगे दोन कार्बन आहेत. कमी गर्दीच्या बाजूचा प्रोटॉन लवकर निघतो आणि त्यातून वेगनियंत्रित एनोलेट मिळतो. मिथिल गटाच्या बाजूचा एनोलेट अधिक स्थिर असतो, परंतु सावकाश बनतो. एलडीए उणे ७८ अंशांवर पहिलाच एनोलेट जवळजवळ पूर्णपणे देते, मात्र एका अटीवर: फ्लास्कमध्ये मोकळा कीटोन शिल्लक राहता कामा नये. शिल्लक कीटोन एनोलेटला प्रोटॉन देतो, स्वतः एनोलेट बनतो, आणि ही देवाणघेवाण चालू राहून मिश्रण अधिक स्थिर एनोलेटकडे सरकते. शिवाय कीटोन व एनोलेट यांची आल्डॉल अभिक्रियाही होते.

आता अनुमापन न करणाऱ्याचे काय होते ते पाहा. बाटलीवरील १.६ मोलर खरे मानून त्याने ६.५६ मिलिलिटर घातले. प्रत्यक्ष संहती १.३२ असल्याने त्याला फक्त ८.७ मिलिमोल आम्लारी मिळाली. १० मिलिमोल कीटोन घातल्यावर १.३ मिलिमोल कीटोन मोकळा राहिला, आणि उणे ७८ अंश, कोरडी काच, संथ थेंब हे सारे कष्ट त्या शिल्लक कीटोनने वाया घालवले. हा विद्यार्थी पुढे अनेक दिवस तापमानाला दोष देत बसतो.

कीटोन ५ मिलिलिटर टीएचएफमध्ये घेऊन अर्ध्या तासात, फ्लास्कच्या थंड भिंतीवरून ओघळेल अशा रीतीने सोडावा. सुईतून थेट मध्यभागी पडणारा थेंब खोलीच्या तापमानाचा असतो आणि क्षणभर तेथील द्रावण गरम करतो. तापमापी द्रावणात बुडालेला असावा आणि आतील तापमान उणे ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. कीटोन संपल्यावर पाऊण तास ढवळावे. मग ताजे ऊर्ध्वपातित ट्रायमिथिल सिलिल क्लोराइड १२ मिलिमोल, म्हणजे सुमारे १.५ मिलिलिटर, घालून मिश्रण सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. मिळणारा सिलिल एनॉल ईथर आम्लाला सोसत नाही, म्हणून धुण्यासाठी थंड सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरावे. अल्किलीकरणासारख्या इतर अभिक्रियांत संपृक्त अमोनियम क्लोराइड चालते. तेही मिश्रण थंड असतानाच हळू घालावे.

उत्पादन मिळाले नाही तर

एनोलेट बनला की नाही हे पाहण्यासाठी थोडे मिश्रण काढून ड्युटेरियमयुक्त मिथेनॉलमध्ये सोडावे आणि प्रोटॉन एनएमआर घ्यावा. ड्युटेरियम अपेक्षेपेक्षा कमी दिसले म्हणून लगेच निराश होऊ नये, कारण एलडीए वापरल्यावर मिश्रणात डायआयसोप्रोपिल अमाइन असतेच आणि विझवण्याच्या क्षणी त्याचाच प्रोटॉन काही वेळा एनोलेटकडे परत जातो. मूळ कीटोनच्या जागी अल्कोहोल दिसू लागले तर दोन शक्यता तपासाव्यात. अल्कोहोलवर ब्युटिल गट असेल तर मुक्त ब्युटिल लिथियम शिल्लक होते, म्हणजे अमाइन कमी पडले. ब्युटिल गट नसेल, तर एलडीएनेच आयसोप्रोपिल गटावरील हायड्राइड कार्बोनिलला देऊन त्याचे क्षपण केले असावे. काढण्याजोगा प्रोटॉन नसलेल्या कीटोनांत हे विशेषतः घडते, आणि तेथे हेक्सामिथिल डायसिलाझाइड वापरून पाहावे. एनोलेट बनूनही पुढची अभिक्रिया मंद असेल तर पूर्वी एचएमपीए हा लिथियमला धरून ठेवणारा सहद्रावक घालत असत. ते कर्करोगजनक मानले जाते, म्हणून त्याऐवजी तेच काम करणारे डीएमपीयू घ्यावे.

काम संपल्यावर

सिरिंज व सुई बाजूला ठेवू नयेत. हेक्सेन ओढून ते थंड आयसोप्रोपॅनॉल असलेल्या चंचुपात्रात सोडावे, असे दोन-तीन वेळा करावे, मग थोडे पाणी आणि शेवटी ॲसिटोन ओढावे. अन्यथा काही मिनिटांतच लिथियम हायड्रॉक्साइडने सुई बुजते आणि दट्ट्या अडकतो. उरलेले ब्युटिल लिथियम टाकायचे असेल तर ते हेक्सेनमध्ये विरळ करून, बर्फात थंड करून, नायट्रोजनखाली आधी आयसोप्रोपॅनॉल, मग मिथेनॉल आणि सर्वांत शेवटी पाणी या क्रमाने निष्क्रिय करावे. बाटलीच्या सेप्टमवर पॅराफिन फिल्म गुंडाळावी आणि लेबलवर आजची तारीख व अनुमापनाने आलेली संहती पक्क्या शाईने लिहून बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. त्या तारखेला दोन आठवडे उलटले असतील, किंवा दरम्यान दुसऱ्या कोणी बाटली टोचली असेल, तर पुढच्या वेळी मेन्थॉल पुन्हा तोलावे.